दीड तासाचा धूर

माझे मामा, गोपाळकृष्ण परचुरे, हल्ली फार कमी बोलतात. नव्याने भेटणाऱ्याला त्यात काही वाटत नाही. एकसष्ट वर्षांचा सडसडीत माणूस, शनिवार पेठेत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटा राहतो, विचारलं तेवढ्याचं उत्तर देतो. पण आम्हा घरच्यांना ते ओळखू येत नाहीत, कारण मामा म्हणजे बोलणं, असंच आम्ही लहानपणापासून धरून चाललो होतो. माझ्या लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याचा एक घोट घेऊन ते आचाऱ्याला शांतपणे म्हणाले होते, "छान झालाय. आता फक्त ताक घाला." आचारी त्या वाक्याने आठवडाभर आजारी पडला असेल. आम्ही मात्र पोट धरून हसलो. मामांच्या वाक्यांवर हसणाऱ्यांत मी कायम पहिली असायचे, हे आधीच सांगून ठेवते.

मामा हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात चौतीस वर्षं होते, त्यातली शेवटची सोळा फोरमन म्हणून. कारखान्यात झिजलेले भाग पुन्हा भरून देण्याचं काम चाले. छापखान्याचा रोलर असो की पंपाचा शाफ्ट, वापरून वापरून तो एखाद-दोन मिलिमीटर झिजला की नवा घेण्यापेक्षा त्यावर धातूचा थर चढवून घेणं परवडतं. त्यासाठी एक बंदूक असते. तिच्यात धातूच्या दोन तारा सोडतात, विजेच्या ठिणगीने त्या टोकाशी वितळतात आणि हवेचा जोरदार झोत त्या वितळलेल्या धातूचा फवारा करून समोरच्या लोखंडावर मारतो. भिंतीला रंग मारावा तसा धातू मारायचा. मारलेल्यापैकी बराचसा चिकटतो. उरलेल्याचा धूर होतो.

हे काम सगळ्यात नीट करायचा तो बुद्धभूषण ओव्हाळ. आयटीआय करून आलेला, एकतीस वर्षांचा, हडपसरलाच राहणारा. त्याची बायको सोनाली एका शाळेच्या कार्यालयात काम करते. बुद्धभूषणचा हात असा स्थिर की त्याने चढवलेला थर पाहून गिऱ्हाइकं, हे मशीनने केलंय का, असं विचारत. मामांना त्याचं कौतुक होतं. मात्र ते तोंडावर कधीच आलं नाही. मामांचं कौतुक टोमण्याच्या रूपातच बाहेर पडायचं आणि ज्याने त्याने ते ओळखून घ्यावं अशी त्यांची अपेक्षा असायची.

बुद्धभूषणला एक सवय होती. कागद दिसला की वाचायचा. दोन हजार तेवीसच्या जानेवारीत कारखान्याला निकेलच्या तारेचं मोठं काम मिळालं. तोवर ते बहुतेक पोलाद, कांसं, जस्त असलंच मारत. निकेलच्या तारेच्या खोक्यात चार पानांचा इंग्रजी माहितीकागद होता. असे कागद प्रत्येक खोक्यात येतात आणि त्यांच्यावर पोरं वडापाव ठेवून खातात. बुद्धभूषणने तो घरी नेला, शब्दांचे अर्थ शोधून पेन्सिलीने समासात लिहिले आणि दोन दिवसांनी मामांसमोर उभा राहिला.

"काका, यात लिहिलंय की निकेलच्या धुराचे कण फार बारीक असतात. आपले कापडी मास्क त्याला चालत नाहीत. हवा गाळणाऱ्या दोन डब्यांचा मास्क लागतो. आणि धूर ओढणारा पंखा चालू पाहिजे."

स्टोअरमध्ये असे दोन मास्क होते. कुठल्याशा परदेशी गिऱ्हाइकाची पाहणी होती तेव्हा आणलेले, पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. मामांनी किल्ली काढून दिली. "घे बाबा. अंतराळात जाणार असशील तर आधी सांग, डबा बांधून देऊ." बुद्धभूषण हसला आणि मास्क घेऊन गेला. पुढे तीन आठवडे तो मास्क लावूनच निकेल मारत होता. इतर कोणी लावला नाही. करोना नुकता संपलेला होता, दोन वर्षं तोंड झाकून झाकून माणसं इतकी विटली होती की मास्क हा शब्द जरी निघाला तरी कपाळावर आठी यायची.

फेब्रुवारीच्या मध्यात धूर ओढणाऱ्या पंख्याची मोटर जळाली. तिची जळालेली तार नव्याने भरायला दिली आणि "परवा देतो, परवा देतो" करत दुकानदाराने दहा दिवस काढले. त्यातच एक मोठा शाफ्ट आला. गिऱ्हाइकाचा कारखाना त्या एका शाफ्टसाठी बंद पडला होता. त्यांची गाडी सकाळपासून फाटकाशी उभी होती आणि ड्रायव्हर दर पंधरा मिनिटांनी आत येऊन किती वेळ म्हणून विचारत होता.

जेवणाची सुट्टी संपली होती. आठ-दहा जण हात धुऊन परत येत होते. फवारणीची खोली म्हणजे तीन बाजूंनी पत्रा आणि एका बाजूला जाड पडदा. बुद्धभूषण तिच्या दाराशी उभा राहून मास्कचे पट्टे घट्ट करत होता. मामा आले तेव्हा तो म्हणाला, "काका, पंखा नाहीये. संध्याकाळपर्यंत मोटर येते म्हणाले ना? तोवर थांबू. नाहीतर मधेमधे बाहेर येत, दहा-दहा मिनिटं मारतो. या डब्यांतून श्वास जड जातो, सलग नाही होणार."

मागे फाटकावर हॉर्न वाजला. आणि मामा बोलले.

"काय रे ओव्हाळ, श्वास कसा घ्यायचा तेही तुमच्या घटनेत लिहून ठेवलंय का?"

सगळे हसले. चेतन नावाचा वेल्डर तर भिंतीला टेकून हसला.

हे मामांनी मला सांगितलं तेव्हा ते 'तुमच्या' या शब्दाशी अडखळले. म्हणाले, "स्वराली, एकच शब्द कमी असता तर तो नुसता पाचकळपणा झाला असता. तो शब्द मी घातला. कुठून आला माहीत नाही असं मी आठवडाभर स्वतःला सांगत होतो. माहीत होतं. आमच्या घरात, ओट्यावर, कट्ट्यावर, हसत-खेळत असलं बोललेलं मी साठ वर्षं ऐकलंय. तोंडात तयारच होतं."

बुद्धभूषण हसला नाही. त्याने मामांकडे पाहिलं, रागाने नाही, जरा वेळ लावून पाहिलं. मग डोक्यावरून मास्क काढला, दाराशेजारच्या खिळ्याला अडकवला, खिशातला कापडी मास्क लावला आणि पडद्याआड गेला.

तो दीड तास आत होता. सलग. मधे मामा गाडीच्या कागदांवर सही करायला म्हणून तिथून गेले तेव्हा खिळ्याला लटकलेला मास्क त्यांनी पाहिला. "पाहिला आणि बरं वाटलं मला," ते म्हणाले. "आता काम लवकर होईल, असं वाटलं. यातलं काही मी विसरलो असतो तर फार सोयीचं झालं असतं."

शाफ्ट उत्तम झाला. गाडी चारच्या सुमाराला गेली.

त्या संध्याकाळी बुद्धभूषणच्या तोंडाला लोखंडाची नळी चाटल्यासारखी चव होती आणि डोकं जड झालं होतं. दुसऱ्या दिवशी ताप आला. त्याने फोन केला तेव्हा मामांनी विचारलं, "छाती भरल्यासारखी वाटते? अंग मोडून आलंय?" तो हो म्हणाला. मामा म्हणाले, "धुराचा ताप आहे. जस्त मारल्यावर येतो तसा. गूळ खा, गरम दूध पी, उद्या उतरेल." चौतीस वर्षांत असा ताप त्यांनी डझनभर लोकांना आलेला आणि दुसऱ्या दिवशी उतरलेला पाहिला होता. त्यांना स्वतःलाही दोनदा आला होता. त्यामुळे ते खात्रीने बोलले आणि बुद्धभूषणने ते खात्रीने ऐकलं. सोनालीने घरातला गूळ संपला म्हणून कोपऱ्यावरून आणखी अर्धा किलो आणला.

चौथ्या दिवशी सकाळी सोनालीचा मामांना फोन आला. "काका, त्यांना एक वाक्य पुरं करता येत नाहीये. मधेच दम लागतो. ओठ निळे दिसतायत. मी रिक्षा बोलावलीये."

मामांनी मला फोन केला. माझं ऑफिस खराडीला, तिथून हडपसरचं रुग्णालय जवळ. मी पोचले तेव्हा मामा आधीच आले होते आणि बाहेर उभं राहून फोनवर बोलत होते. पलीकडे राजस होता, कारखान्याचा मालक. त्याच्या वडिलांनी कारखाना काढला, राजस चार वर्षांपासून बघतो. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. मला मामांचं फक्त "हं, हं" ऐकू आलं. नंतर कळलं, राजस सांगत होता, "काका, तिथे फार तपशिलात जाऊ नका. आधी काय निघतंय ते बघू."

छातीच्या डॉक्टर सुरुची नावाच्या होत्या. चाळिशीच्या, भरभर बोलणाऱ्या. एक्स-रेवर दोन्ही फुप्फुसं पांढरी धुरकट दिसत होती. करोनाची तपासणी झाली होती, काही निघालं नव्हतं. त्यांनी विचारलं, "कामावर नेमकं काय करतात हे?"

सोनालीने मामांकडे पाहिलं.

"मेटल स्प्रे," मामा म्हणाले. "म्हणजे वेल्डिंगसारखंच असतं."

डॉक्टरांनी वेल्डिंग असं लिहिलं आणि न्यूमोनिया धरून औषधं सुरू केली. समोर जी माहिती होती तिच्यावरून दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मी शेजारीच उभी होते. वेल्डिंगसारखं म्हणजे काय, हा प्रश्न माझ्याही मनात आला नाही.

दोन दिवसांत त्याची प्रकृती इतकी खालावली की त्याला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. त्या दिवशी रविवार होता. दुपारी मी मामांकडे गेले तर ताट वाढलेलं तसंच झाकून ठेवलेलं होतं आणि ते खुर्चीत बसून होते. मी काही विचारायच्या आतच त्यांनी वर लिहिलेलं सगळं मला सांगितलं. मास्कचं, पंख्याचं, त्या वाक्याचं, खिळ्याचं, गुळाचं. शेवटी म्हणाले, "आणि वेल्डिंगसारखं नसतं ते. मला माहीत होतं."

मी म्हटलं, "मामा, हे डॉक्टरांना आत्ता सांगायला हवं."

"कागद लागेल," ते म्हणाले.

आम्ही आधी कारखान्यात गेलो. वॉचमनने दार उघडलं. बुद्धभूषणच्या कप्प्याला कुलूप नव्हतं. आत धुतलेला शर्ट, एक कंगवा आणि तो माहितीकागद, चौपदरी घडी घातलेला. मामांनी तो उघडला. समासात बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'श्वासावाटे: फुप्फुसाला गंभीर इजा. लक्षणं उशिरा दिसू शकतात. ताबडतोब डॉक्टर, कागद सोबत नेणे.' शेवटच्या तीन शब्दांखाली दोन रेघा होत्या. मामा तिथेच, त्या कप्प्यांसमोर जमिनीवर बसले. मी त्यांना उठवलं नाही. थोड्या वेळाने ते आपले आपण उठले.

डॉक्टर सुरुची रविवार असूनही होत्या. त्यांनी कागद वाचला आणि एकेक प्रश्न विचारला. किती वेळ? दीड तास. जागा बंद होती? तीन बाजूंनी. हवा ओढायची सोय? बंद होती. मास्क? कापडी. प्रत्येक उत्तर मामांनी दोन शब्दांत दिलं. मग डॉक्टरांनी आम्हाला बसवलं आणि समजावून सांगितलं, बहुधा आम्हाला बसवण्याची गरज आहे हे त्यांना दिसलं असावं.

"रस्त्यावरची धूळ नाकात अडते," त्या म्हणाल्या. "त्याहून बारीक असेल ती घशातल्या कफात अडकते आणि खोकल्यावाटे बाहेर येते. शरीराची ही सोय चांगली आहे, पण ती धुळीसाठी आहे. धातू असा वितळून उडतो तेव्हा त्याच्या वाफेचे जे कण बनतात, ते केसाच्या जाडीच्या दोन-तीन हजाराव्या भागाएवढे असतात. ते नाकाला कळत नाहीत, घशाला कळत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, जिथे श्वासातला प्राणवायू रक्तात उतरतो. तिथले फुगे फार नाजूक असतात. तिथे निकेल बसलं की शरीर त्याच्याशी लढायला लागतं, सूज येते, पाणी भरतं. काही कण रक्तातही उतरतात. आपण लघवी तपासायला पाठवू, निकेल किती आहे ते कळेल. मूत्रपिंडावरही लक्ष ठेवावं लागेल."

"गूळ," मामा म्हणाले. "मी त्याला गूळ खायला सांगितला."

"गूळ पोटात जातो," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी पुढे जोडलं, "त्याने काही बिघडलं नाही. दिवस गेले, एवढंच."

त्यांनी औषधं बदलली, सूज उतरवणारी इंजेक्शनं वाढवली. आम्ही दारापर्यंत गेलो आणि मामा वळले. "डॉक्टर, हे मी दोन दिवसांपूर्वी सांगितलं असतं तर?"

"ते मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "कोणीच सांगू शकणार नाही."

मला वाटतं, त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर मामांना ते सोसणं सोपं गेलं असतं.

बुद्धभूषण अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होता. मामा रजा काढून रोज सकाळी आठला जाऊन अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसत आणि संध्याकाळी सहाला उठत. लघवीचा अहवाल आला, निकेलचं प्रमाण कितीतरी पटींनी जास्त होतं. सोनालीला कागदाचं कळलं होतं, पण त्या वाक्याचं कळलं नव्हतं. ती येता-जाता मामांना चहा आणून द्यायची. एकदा माझ्यासमोर म्हणाली, "काका, तुम्ही तो कागद शोधून आणलात म्हणून डॉक्टरांना नीट दिशा मिळाली. मी हे विसरणार नाही." मामांनी कप बाकावर ठेवला. मी वाट पाहिली, आता बोलतील. ते बोलले नाहीत. घरी जाताना रिक्षात म्हणाले, "तिच्याकडे सध्या एकच माणूस आहे टेकायला. तोही काढून घेऊ?" मला तेव्हा ते पटलं. आता वाटतं, भ्याडपणाला इतकं चांगलं कारण मिळणं बरं नाही.

बाराव्या दिवशी नळी काढली. तो वाचला. आणखी तीन आठवड्यांनी, घरी प्राणवायूचं यंत्र लावून, त्याला सोडलं.

एप्रिलमध्ये सरकारी कारखाने निरीक्षकांची चौकशी लागली. राजसने मामांसाठी जबाब टाइप करून ठेवला होता. मामांनी तो मला वाचून दाखवला. 'कारखान्यात योग्य प्रकारचे मास्क उपलब्ध होते. सदर कामगारास मास्क देण्यात आला होता. घटनेच्या दिवशी कामगाराने मास्क स्वतःहून काढून ठेवला.'

"यात एकही वाक्य खोटं नाही," मामा म्हणाले. "हेच वाईट आहे."

चौकशी कारखान्याच्या ऑफिसात झाली. निरीक्षक टेबलामागे, एका बाजूला राजस, दुसऱ्या बाजूला बुद्धभूषणच्या वतीने सोनाली. मामा आणि चेतन हे साक्षीदार. मी तिथे नव्हते. मला हे मामांनी सांगितलं आणि नंतर चेतननेही सांगितलं, दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

राजसने टाइप केलेला कागद मामांनी घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "मास्क त्याने काढला. माझ्यामुळे काढला. पंख्याशिवाय काम नको म्हणून त्याने मला सांगितलं होतं. मी त्याला सगळ्यांसमोर काय म्हणालो ते लिहून घ्या." आणि त्यांनी ते वाक्य सांगितलं.

निरीक्षक पेन खाली ठेवून म्हणाले, "परचुरे, तेवढं नोंदवायची गरज नाही. घाईने काम करायला लावलं, असं लिहितो. पुरे आहे."

"घाई गाडीची होती," मामा म्हणाले. "मास्क त्या वाक्याने निघाला. लिहा."

"काका," राजस हळूच म्हणाला.

"तू थांब. मोटर दहा दिवस आली नाही तेव्हा मी दुसरी मागितली नाही, तू आणली नाहीस. तेही लिहा साहेब."

सोनाली इतका वेळ खाली पाहत होती. ती म्हणाली, "ते वाक्य परत सांगा. जसं म्हणालात तसंच."

मामांनी परत सांगितलं. चेतन म्हणतो, दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की 'तुमच्या' हा शब्द ओठांवरूनच कळला.

"ह्यांनी मला सांगितलं होतं, मास्क लावायला विसरलो," सोनाली म्हणाली. "मी भांडले त्यांच्याशी. नळी काढल्यावर आठ दिवसांनी, त्यांना धड बोलताही येत नव्हतं, तेव्हा मी भांडले, की एवढा वाचणारा माणूस विसरतोच कसा." तिने पर्स उचलली. "साहेब, माझी सही कुठे लागते?" सही करून ती गेली. मामांकडे पाहिलं नाही.

त्यानंतर मामांनी नोकरी सोडली. निवृत्तीला चार महिने होते. कारखान्यावर कारवाई झाली, फवारणीच्या खोलीला नवीन यंत्रणा बसली, आता तिथे कोणी साध्या मास्कने आत जाऊ शकत नाही. बुद्धभूषणला कामगार विम्याचं निवृत्तिवेतन सुरू झालं, कारण फुप्फुसांवर व्रण राहिले होते आणि फवारणी तर सोडाच, एका मजल्याचा जिना चढणंही त्याला जमत नव्हतं.

ऑगस्टमध्ये मामा त्याच्या घरी गेले. मी सोबत होते. दार सोनालीने उघडलं. 'या' म्हणाली नाही, दारातून बाजूलाही झाली नाही. आतून बुद्धभूषणचा आवाज आला, "कोण आहे?" आणि मग, "येऊ दे गं."

तो पलंगावर उशीला टेकून बसला होता. नाकाला नळी. सात-आठ किलोंनी उतरला होता. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याखालच्या फळीवर पुस्तकं. मामांनी त्या फोटोकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग म्हणाले, "ओव्हाळ, मी तुमची माफी मागायला आलोय. तुम्ही ती द्यावी असं माझं म्हणणं नाही."

बुद्धभूषणने श्वास गोळा केला. त्याची वाक्यं आता तुकड्यातुकड्यांनी येतात. "काका, अहो-जाहो करू नका. अरे म्हणा. अहो म्हटलं की... मी आता बरा होत नाही, असं वाटतं."

मामांनी मान डोलावली.

"तुम्ही बोललात ते मला लागलं," तो म्हणाला. "आधीही लोक बोलले आहेत. मी ऐकून सोडून देतो. त्या दिवशी सोडता आलं नाही, कारण तुम्ही बोललात. तुमच्याकडून मी काम शिकलो." तो थांबला, दोन श्वास घेतले. "पण मास्क खिळ्याला मीच अडकवला. मला माहीत होतं धुरात काय आहे. तुमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी दाखवायला गेलो की मी घाबरत नाही. याचा राग मला रोज येतो. तो माझा आहे. तोसुद्धा तुम्ही घेऊन जाऊ नका."

सोनाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मला इतकं मोठं मन नाहीये," ती म्हणाली. "मी माफ करणार नाही, काका. निदान आत्ता नाही. तुम्ही खरं बोललात, ते चौकशीच्या टेबलावर बोललात. बाकावर मी तुम्हाला चहा देत होते, तेव्हा बोलायला हवं होतं."

"हो," मामा म्हणाले.

आम्ही निघालो तेव्हा ती मागून आली आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "दर महिन्याला श्वासाची तपासणी असते. मला शाळेतून सुट्टी मिळत नाही. कोणीतरी त्यांना रिक्षाने न्यायला लागतं."

"मी येतो," मामा म्हणाले.

"महिन्याच्या पहिल्या मंगळवारी. दहाला. उशीर नको."

तेव्हापासून मामा जातात. बुद्धभूषणचं प्राणवायूचं यंत्र दिवसा लागेनासं झालं आहे, रात्री लागतं. तो आता आयटीआयमध्ये अवजारांच्या खोलीत बसतो, मुलांना हत्यारं देतो-घेतो, आणि कुठल्याही खोक्यातला माहितीकागद मुलांकडून मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय खोकं फोडू देत नाही. मुलं कंटाळतात, असं तो सांगतो. कंटाळू देत म्हणतो.

मागच्या महिन्यात मामांना ताप होता म्हणून रिक्षा करायला मी गेले, तर ताप असूनही ते स्वेटर घालून तयार. शेवटी तिघं मिळून गेलो. तपासणीच्या खोलीला काचेचं दार आहे. आत बुद्धभूषण नळी तोंडात धरून बसतो आणि तंत्रज्ञ बाई सांगते, खोल घ्या, आता सोडा, सोडा, अजून, अजून, थांबू नका. असं तीनदा करावं लागतं. दर वेळी त्याच्या मानेच्या शिरा फुगतात आणि चेहरा काळवंडतो. मामा काचेशी उभे होते. बाई जेव्हा जेव्हा 'अजून' म्हणत होती, तेव्हा तेव्हा त्यांचाही श्वास आत अडकत होता, हे मला त्यांच्या पाठीवरून दिसत होतं.

आकडा बावन्न टक्के आला. त्याच्या वयाच्या निरोगी माणसाच्या निम्म्याहून किंचित जास्त. आधीच्या महिन्यातही बावन्नच होता, त्याच्या आधीही. डॉक्टर सुरुचींनी सांगितलं आहे की व्रण भरून येणारे नाहीत, आकडा इथेच टिकवायचा आहे.

बुद्धभूषण बाहेर येऊन खुर्चीत बसला. धाप ओसरेपर्यंत पाच मिनिटं गेली. मग म्हणाला, "घसरला नाही, काका."

"नाही," मामा म्हणाले. "घसरला नाही."

आणि छापील अहवाल घ्यायला ते रांगेत जाऊन उभे राहिले.